पाच झाडांची खात्री

झाडाची साल पिवळीधमक होती. ताईने भिंग काढून पुन्हा पाहिलं.

गेली एकोणीस वर्षं ती खोडांवरची दगडफुलं मोजत होती. सालीला चिकटलेले ते पापुद्रे हवेचं खरं रूप सांगतात, यंत्रासारखं फक्त आजचं नव्हे, मागच्या कित्येक वर्षांचं, असं ती ज्याला त्याला ऐकवायची. करडी, दाढीसारखी लोंबणारी जात स्वच्छ हवेत वाढते. पिवळी मात्र अमोनियाच्या वाफेवर पोसते. खोडं तिनंच भरली, की तिथल्या हवेचं काही खरं नाही.

आणि याच रस्त्यावर धाकट्या भावाने नवं घर भाड्याने घेतलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी भर पावसात तो तिला घर दाखवायला घेऊन आला होता. त्याच्या लेकीला, चिऊला, दमा होता. "ताई, तू म्हणशील तसं. इथली हवा हिला मानवेल ना?" गाडीची काच अर्धी खाली करून ताईने बाहेर पाहिलं. खोडं हिरवट पापुद्र्यांनी नुसती लगडलेली. "झाडं बघ की! बिनधास्त ये," ती म्हणाली. भिजलं की पिवळं दगडफूलही करड्यासारखंच हिरवट दिसतं. हे ती स्वतः नवशिक्यांना शिकवायची, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली.

आज बारा वाजता तो जुन्या घराच्या चाव्या मालकिणीला देणार होता. दुसरा भाडेकरू सामान बांधून तयारच होता. एकदा चाव्या गेल्या, की परतीची वाट बंद. आत्ता साडेदहा झाले होते.

तिने फोन काढला. मग परत पिशवीत टाकला. एका झाडावरून माणसाचा बेत मोडायचा? नियम पाच झाडांचा, प्रत्येकाच्या चारही बाजू. होईल तासाभरात, असं तिने स्वतःला बजावलं आणि तारेची चौकट खोडाला छातीच्या उंचीवर बांधून तिच्या जाळीतले दगडफुलांनी भरलेले चौकोन मोजायला घेतले.

दुसरं झाड पिवळं. तिसरंही. तेवढ्यात वारा फिरला आणि टेकाडामागच्या कोंबड्यांच्या शेडमधला उग्र दर्प थेट नाकात शिरला. त्या पावसाळी दिवशी वारा उलटा होता, म्हणून पत्ताच लागला नव्हता. तिचे डोळे चुरचुरायला लागले. आता आणखी काय हवं होतं? तरी ती चौथ्या झाडाकडे गेली. घाईत दोरीची गाठ बसेना. शहाण्या बाईने तिथेच चौकट फेकून दिली असती. पाचव्या झाडाची शेवटची बाजू संपली तेव्हा बाराला सात मिनिटं होती.

"उचल रे बाबा, उचल," ती गाडी काढता काढता पुटपुटली. तीनदा फोन वाजून बंद झाला.

ती पोचली तेव्हा जुन्या घरासमोर टेम्पो भरून उभा होता. चिऊ एका गाठोड्यावर बसून खोकत होती.

"चाव्या?" ताईने विचारलं.

"दिल्या की आत्ताच. फोन कुठल्या खोक्यात गेलाय देव जाणे. का गं, काय झालं?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"कधी कळलं तुला?"

"साडेदहाला."

"मग?"

"खात्री करत होते रे. पाच झाडं तपासल्याशिवाय नाही कसं म्हणणार?"

"आणि त्या दिवशी हो म्हणालीस, तेव्हा किती तपासली होतीस?"

ताईला त्याच्याकडे बघवेना. "एकही नाही," ती म्हणाली.

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, पत्ता सांगताय ना?"

धाकट्याने चिऊला उचलून घेतलं. "हिला विचारा," तो ताईकडे बघत म्हणाला, "मी हिच्याच भरवशावर निघालो होतो."

ताईने आपल्या स्वतःच्या दोन खोल्यांचा पत्ता हळूच सांगितला. टेम्पोवाल्याला तो दुसऱ्यांदा विचारावा लागला.