शंकरप्पा अडत्याच्या खांद्यावरून

नाक पुसायचा नव्हे, मी खांद्यावरचा रुमाल. पांढरा, चांगला लांबरुंद, काठाला लाल दोरा. कलबुर्गीकडच्या आळंदच्या तूरबाजारात भलेभले माझ्यापुढं हात जोडायचे. बरं, जोडायचे नाहीत, माझ्याखाली घालायचे. एकच झालं!

जन्म सोलापूरच्या मागावरचा. मला विणताना एकही धागा तुटला नाही आणि दिवसभर वीजसुद्धा गेली नाही. खोटं वाटतंय? सोडून द्या. पुढं सांगणार आहे ते मात्र खरं आहे. खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

मला विकत घेतलं शंकरप्पानं. तो अडत्या. शेतकऱ्याची तूर व्यापाऱ्याला विकून द्यायची, हा त्याचा धंदा. आमच्याकडं भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटांनी व्हायचा. समोरच्याची मूठ दाबली की सौदा पक्का. तळहातावर नख ओढलं की मोडला. मग हात बाहेर काढून, आत काय ठरलं ते अडत्यानं मोठ्यानं सांगायचं. अडत्याच्या शब्दाला चारचौघांत कुणी आडवं जायचं नाही, ही रीत. एकदा दोन खमकी माणसं माझ्याखाली इतका वेळ घासाघीस करत बसली, की शेजारच्या पोत्यातल्या तुरीला मोड आले!

हल्ली भाव मोबाईलवर लागतात. बाजारात मला काम उरलं नाही, घरात होतं. शंकरप्पाची एकुलती लेक सुधारानी लहानपणी पाहुण्यांदेखत काही हवं असलं की माझ्याखाली बापाची मूठ दाबायची. नको असलं की नख. बापलेकीची ती भाषा मी सोडून कुणालाच कळत नव्हती.

आता ती कलबुर्गीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तुरीचं झाड उभ्याउभ्या का वाळतं, ते तिला शोधायचंय. सुट्टीला आली की शेतातली वाळकी मुळं घरात आणून चिरत बसते.

"लोकाच्या पोरी भाजी चिरायल्यात, आमची मुळं चिरायली!" तिची आई नेत्रावती कपाळाला हात लावते.

उन्हाळ्यात हरिओम नावाचा एजंट घरी आला. गुळगुळीत कागदाची फाईल, गुळगुळीत बोलणं. तिसऱ्या वर्षाला थेट परदेशात, म्हणाला.

सुधारानीचे डोळे चमकले. "मातीतल्या बुरशीवर काम करायची लॅब हाय का तिथं, सर?"

"सगळं आहे ताई. सगळं."

शंकरप्पा भारावला. जुन्या सवयीनं त्यानं एजंटचा हात माझ्याखाली ओढला आणि मूठ दाबली. एजंटचा हात मेलेल्या सरड्यासारखा नुसता पडून होता. ना दाब, ना नख. असा हात मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझे धागे गार पडले. एजंटला वाटलं, गावाकडची माणसं अशीच हात मिळवत असतील. शंकरप्पाला वाटलं, शब्द झाला. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला कळलं, लेक परदेशी जायली म्हणून.

सुधारानीनं मात्र फाईलमधल्या त्या परदेशी कॉलेजला ईमेल केला. उत्तर आलं तशी बापापुढं मोबाईल धरून उभी राहिली.

"अप्पा, तिथं लॅबच न्हाई. पहिलं वर्ष नुसती भाषा. माझी हितली दोन वर्षं बी धरणार न्हाईत."

"कामून भ्यायलीस? एजंट बघतंय की."

"भ्यायली न्हाई. मला जायचंच हाय, पण असल्या जागी न्हाई. डिग्री हितं पुरी करते, मग चांगल्या ठिकाणी अर्ज करू, असं आमच्या कॉलेजातल्या मॅडम म्हणल्यात."

"रुमालाखाली शब्द दिलाय मी, सुधा."

"त्याला काय ठावं तुमचा रुमाल?"

 शंकरप्पानं माझी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

गेल्या रविवारी हरिओम तिच्या मूळ मार्कशीट न्यायला आला. घरात बाजारातली माणसं, पेढे, हार. "काय ताई, तयार ना?"

"थांबा. आमच्या रीतीनं इचारतो," शंकरप्पा म्हणाला आणि लेकीचा हात माझ्याखाली घेतला. "सांग बाई. जायलीस का?"

तिनं नख ओढलं.

बापाचा हात हलला नाही. तिनं पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की काहीतरी ओलं, कोमट माझ्या पोटाला लागलं.

शंकरप्पानं हात बाहेर काढला. मूठ घट्ट मिटलेली. सगळ्यांकडं बघून हसला.

"व्हय म्हणाली."

सुधारानीनं तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं कौतुकानं त्यात अख्खा पेढा कोंबला. टाळ्या वाजल्या. मार्कशीट एजंटच्या बॅगेत गेल्या. उंबऱ्याबाहेर चप्पल घालताना तो मोबाईलवर कुणाला तरी म्हणाला, "ही झाली. अजून दोन राहिल्या."

तेव्हापासून मी दोरीवर लटकतोय. नेत्रावतीनं दोनदा धुतलं. तांबडा ठिपका जात नाही. कुंकू लागलं असंल, म्हणते. शंकरप्पा मला खांद्यावर घेत नाही, उजव्या हातानं जेवतही नाही, चमच्यानं खातो. पोरगी अंगणात येते, माझ्याकडं बघते, आत जाते. तिचा आवाज मी रविवारपासून ऐकलेला नाही.

गुरुवारी सह्या करायला तिला हैदराबादला न्यायचंय. हरिओम गाडी घेऊन येणार आहे.

तुम्ही आळंदकडं येत असाल तर बुधवारपर्यंत या. शंकरप्पाचं घर कुणीही दाखवेल. त्या पोरीला विचारा, जायचंय का म्हणून. हातावर काही पांघरू नका. भर उन्हात, सगळ्यांदेखत विचारा. आणि ती बोलेपर्यंत तिच्या तोंडात कुणाला काही घालू देऊ नका.