एकोणीस पंप

ऐक, नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस.

जपानमधलं, फुकुईकडचं ते बर्फाचं गाव. बर्फ वितळून रस्ता मोकळा राहावा म्हणून सगळे दुकानदार जमिनीतलं कोमट पाणी पंपाने उपसून रस्त्यावर फवारतात. आणि त्याच दिवसांत टोफू करून विकणाऱ्या सात्सुए आजींची विहीर तळाला जाते. पाणी नाही तर टोफू कशाचा? आजी म्हणाल्या, "यंदा कारण कळलं नाही तर मार्चमध्ये दुकान बंद."

टोक्योहून पाण्याचा अभ्यास करायला आलेल्या चिसातोला हवं होतं एवढंच, की एका सकाळी गल्लीतले एकोणीसच्या एकोणीस पंप दोन तास बंद राहावेत. म्हणजे आजींच्या विहिरीचं पाणी किती वर येतं ते मोजता येईल. तिने सूचना लिहून गल्लीच्या फिरत्या पाटीला लावली, घराघरांतून पुढे सरकवतात ना, तिला. पाटी घरोघर फिरून आली, प्रत्येक घराच्या नावाचा शिक्का, एकोणीस शिक्के! पोरगी हवेत.

ठरलेल्या सकाळी बघते तर सगळे पंप चालू.

गल्लीचे प्रमुख हिराकी न्हावी. त्यांच्याकडे धावली. "हिराकीसान, शिक्का मारलात ना तुम्ही?"

"मारला की. शिक्का म्हणजे वाचलं. हो कुठे म्हणालो? दारात येऊन विचारलंस का?"

"नाही."

"मग? आणि बर्फ काय तू उचलणार?"

"उचलते."

दाराशी टेकवलेलं त्यांचंच फावडं घेऊन ही लागली की उपसायला. वरून फवारा, नखशिखान्त भिजली. हिराकी पाच मिनिटं बघत राहिले, मग स्वतःचा पंप बंद केला. "अगं, कमरेतून नको, गुडघ्यातून वाक. चल, आता दारोदार जाऊ."

ती प्रत्येक दारात वाकून विचारत गेली. माणसं हसली, कुरकुरली, पण फावडी घेऊन बाहेर आली. अठरा पंप बंद. एक मात्र चालूच.

कुणाचा? सात्सुए आजींचा! हिराकी पुटपुटले, "आजींना मी नाही सांगणार गं. लहानपणी कान पिरगळलाय त्यांनी माझा."

चिसातोच गेली. आजी म्हणाल्या, "माझा पण? मला वाटलं, माझा सोडून." आणि लगेच बंद केला.

दोन तासांत विहिरीचं पाणी हातभर वर आलं. हिराकींनी मोजायची फीत विहिरीत तीनदा टाकून बघितली आणि तिथेच ठरलं: रोज सकाळी फावडी, पंप फक्त मोठ्या बर्फाला. आजींनी त्याच विहिरीच्या पाण्यात सोयाबीन भिजत घातलं.

आता सांग, जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिलाच तोंडावर 'तुमचाही पंप बंद करा' असं सांगितलं असतंस का तू?