एकदाच बिनचूक वाजलो

मी सीडी प्लेअर बोलतोय. दचकू नका. हल्ली मला कुणी वाजवत नाही, म्हणून बोलायला फुरसत मिळाली एवढंच. सध्या माझा मुक्काम शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी असतो. मुंग्या माझ्या पोटातून ये-जा करतात. करू देत बापड्या, कुणीतरी आत डोकावतंय हेही नसे थोडके.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. जन्मल्याजन्मल्या एका बाईनं माझं झाकण उघडलं, बंद केलं, कानाशी धरून मला हलवलं आणि "पास" म्हणाली. आयुष्यात दिलेली ती एकच परीक्षा, तीही अभ्यास न करता पास झालो. तेव्हापासून स्वभावात जो ताठा आला तो आजतागायत गेलेला नाही.

मला दुकानातून घरी आणलं काजताईनं. काजताई म्हणजे या कारखान्यात शर्टांना काजं करणारी बाई. तिचं खरं नाव कुठेतरी कागदावर असेल, पण इथे सगळे तिला काजताईच म्हणतात. दोन खोल्यांचं घर, ट्रक चालवणारा नवरा सदा रस्त्यावर, घरात ती आणि तिची छोटी लेक. कामावरून आली की चपला काढायच्या आधी ती माझं बटण दाबायची. मग एका हातात पळी आणि कमरेला ठेका. लेक आईच्या पावलांवर आपली पावलं ठेवून नाचायची. माझा तेव्हा काय थाट होता म्हणून सांगू! अंगावर विणलेला रुमाल, आणि पाहुण्यांच्या पोरांना हात लावायची बंदी.

पुढे लेक मोठी झाली. आधी तिच्या कानात गाणी ऐकायची बोंडं आली, मग मांडीवर कॉम्प्युटर आला.

"आई, याच्यात लाखो गाणी आहेत," ती म्हणाली.

असतील. मी समोरच बसलो होतो ना, बघत होतो सगळं. ती एक गाणं लावायची, अर्ध्यात सोडायची, दुसरं शोधायची. जेवायची हाक येईपर्यंत लाखातलं एकही पुरं झालेलं नसायचं. माझ्यात एकदा सीडी घातली की ती संपेपर्यंत माणसं निमूट ऐकत. उठून बदलायचा कंटाळा, दुसरं काय! पण त्या कंटाळ्यालाच लोक संगीताची आवड म्हणायचे आणि मीही ते कौतुक बिनबोभाट पचवलं.

घरात माझी अडचण व्हायला लागली, तशी काजताईनं मला पिशवीत घातलं आणि इथे आणलं. जेवणाच्या सुट्टीत डबा भराभर संपवायचा आणि उरलेल्या वेळात नाचायचं, असा तिनं पाच जणींचा कंपूच जमवला. दोन शिलाईवाल्या, एक इस्त्रीवाली, गोदाम सांभाळणारी एक आणि काजताई. सीडी एकच. दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यातून फुकट आलेली. तिच्यावरलं एक गाणं यांना भलतंच आवडलं. ते दुसरीकडे कुठे कुणी ऐकलेलं नव्हतं.

एकदा कॅन्टीनवाल्यानं सीडीवर चहा सांडला. त्यानं पुसलाही, म्हणजे तो ज्याला पुसणं म्हणतो तसा. एक गोड थेंब तिथेच वाळला. झालं! दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आलो की माझी नजर त्या थेंबावर घसरायची आणि मी टुणकन पुढच्या ओळीवर जायचो.

पहिल्या दिवशी बायका ओरडल्या. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवालीनं गंमत म्हणून नेमकी त्याच जागी एका पायावर उडी मारली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तिसऱ्या दिवशी पाचही जणी उडाल्या. मग ती उडी नाचात बसली ती बसलीच. वर्षं गेली. शिलाईवाल्या बदलल्या, नव्या आल्या, त्याही उडी शिकल्या. गाणंच तसं आहे, अशी सगळ्यांची पक्की समजूत झाली. मी कशाला तोंड उघडू? घसरण्याबद्दल कौतुक होणारे आपण एकटेच.

दरवर्षी कारखान्याचं स्नेहसंमेलन असतं. कपडे वाळवायच्या मोठ्या शेडमध्ये स्टेज बांधतात. पाच जणींचा नाच ठरलेला. आणि काजताई दरवर्षी पहिल्या रांगेतली एक खुर्ची लेकीसाठी धरून ठेवायची. त्या खुर्चीवर शेवटपर्यंत तिची पिशवीच बसायची. लेक येत नसे. कधी परीक्षा, कधी डोकं दुखतंय. खरं कारण एकदा ती आईला डबा द्यायला इथे आली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं.

"आई, या वयात, सगळ्यांसमोर? मला लाज वाटते गं."

 दुसऱ्या दिवशी नाचताना काजताईचा पाय दोनदा चुकला.

गेल्या खेपेला काय झालं कुणास ठाऊक, लेक कॅन्टीनमध्ये येऊन आपणहून म्हणाली, "येते मी. पण तो खटारा नको हं स्टेजवर. मी कॉम्प्युटरवरून लावते गाणं. मला नेटवर सापडलंय तेच."

खटारा! मी ऐकलं. काजताईनंही ऐकलं. आणि इतकी वर्षं मला सांभाळणारी ती बाई एका क्षणात म्हणाली, "नको तर नको. तू ये म्हणजे झालं."

मला राग आला. आजही येतो. पण तिच्या आवाजातला आनंद इतका उघडा होता, की धड रागावताही येईना. लेकीनं गाण्याची सुरुवात वाजवून दाखवली. बायका म्हणाल्या, "अगंबाई, किती स्वच्छ!" आणि कामावर पळाल्या. पुढचं कुणी ऐकलंच नाही. तेच तर गाणं आहे, ऐकायचंय काय त्यात?

संमेलनाच्या दिवशी काजताईनं मला तरीही पिशवीतून आणलं, सवयीनं. मी स्टेजच्या कडेला, लेकीच्या पायाशी होतो. लेकीनं कॉम्प्युटर लावला. पाच जणी आल्या. पहिलं कडवं झकास झालं. दुसरं सुरू झालं, मध्य आला, आणि पाचही जणी एका पायावर, हात वर करून उडाल्या.

गाणं उडालं नाही. ते आपलं शहाण्यासारखं क्रमाक्रमानं पुढे चाललं होतं. बायका पुढे, गाणं मागे. शेवटी पाचही जणी हात पसरून, मान वाकडी करून नाच संपवून उभ्या राहिल्या आणि गाणं अजून चालूच. शेड हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, बस चुकली का?" काजताईचे हात पसरलेलेच राहिले. तिनं एकदाच लेकीकडे पाहिलं.

लेक लाल झाली होती. मला वाटलं, ही आता पळणार. पण ती खाली वाकली, पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"थांबा!" ती ओरडली. "गाण्याचा घोटाळा होता. नाचाचा नाही. पुन्हा करतील त्या."

आली वेळ! मनात म्हटलं, बघा आता खटारा काय करतो. तिनं माझं झाकण उघडलं, सीडी काढली, उजेडात धरून पाहिली. पोरगी मुळात टापटिपीची. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि सीडी लख्ख पुसली. तो थेंबही पुसला.

मग माझ्यापुढे माइक धरला आणि मी वाजलो. आयुष्यात असा वाजलो नव्हतो. सूर ना सूर जागेवर. दुसऱ्या कडव्याचा मध्य आला, माझी नजर सरळ पुढे गेली, कुठे म्हणून घसरली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच मी बिनचूक वाजलो, आणि पाच बायकांना दुसऱ्यांदा तोंडघशी पाडलं.

या वेळी काजताई मध्येच थांबली. शेड खदखदत होती. लेक धावत स्टेजवर गेली.

"आई, तू ती उडी का मारतेस?"

"का म्हणजे? गाणं उडतं तिथे मी उडते!"

"गाणं उडत नाही गं."

"रोज उडतं! विचार हिला." इस्त्रीवालीनं जोरजोरात मान हलवली.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, ओल्या रुमालाकडे पाहिलं. रुमालावर चहाचा तपकिरी डाग होता. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"कुठे उडतं ते नीट दाखव मला," ती म्हणाली. काजताईनं तोंडानं ओळ म्हटली आणि उडी मारून दाखवली. भर शेडसमोर. लेकीनं आईच्या पायांकडे टक लावून पाहिलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहत असावी.

"आता तू नाच. गाणं मी उडवते."

पुन्हा कॉम्प्युटर लागला. त्याला म्हणे एक बटण आहे, दाबलं की गाणं चार पावलं पुढे जातं. माझंही होतं तसं बटण, ते कधीच तुटून पडलं. लेकीचं बोट बटणावर आणि डोळे आईच्या पायांवर. मध्य आला. पाय उचलला, बोट पडलं. गाणं आणि पाच बायका एकदमच उडाल्या. शेड हसायची थांबली आणि टाळ्या वाजवायला लागली. हसणाऱ्यांत जो सगळ्यात पुढे होता, तोच आता शिट्ट्या मारत होता. माणसांचं असं असतं.

माझं काय झालं, ते तुम्ही पाहताच आहात. पुसलेल्या सीडीसकट मी फळीवर. मी आता निर्दोष वाजतो, त्यामुळे कुणाच्याच उपयोगाचा नाही.

लेक मात्र आता आठवड्यातून दोनदा जेवणाच्या सुट्टीत कॉलेजमधून इथे येते, कॉम्प्युटर घेऊन. परवा गोदामवाली तिला म्हणाली, "अगं, तेवढं कापून जोडून ठेव की एकदाच. होतं म्हणे तसं. दर वेळी कशाला बोट अडकवून बसतेस?"

"होतं," लेक म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"राहू दे. मी येते ना."

काजताई पाठमोरी होती. तिनं धुतलेलाच डबा पुन्हा धुवायला घेतला.

तेव्हा मला घरी न्या, दुरुस्त करा, असलं काही मी मागणार नाही. पुसून ठेवण्याचे उपकार तर मुळीच नकोत, एकदा झाले तेवढे बास. फक्त या फळीवरून हलवू नका. इथून दोघी दिसतात.