माझ्या दाराला कुलूप लागलं तेव्हा

मित्रांनो, चांगल्या चालू फ्रिजला घाम फुटलेला कधी पाहिलात? मला फुटला होता. ती दुपार आठवली की अजून माझं यंत्र मध्येच थरथरतं, आणि घरातल्यांना वाटतं, म्हातारा आता जायला टेकला.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, पांढरा रंग चढवला, दाराला चुंबकाची रबरी पट्टी बसवली. या घरी आलो तेव्हा नवरदेवाचा थाट होता माझा! शेजारपाजारचे मुद्दाम बघायला आले. इथली आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला, बाबा बस चालवतात. त्यांची एकुलती एक लेक तेव्हा रांगत होती. घास गालात धरून ठेवायची, म्हणून बाबा तिला खारूताई म्हणत. पुढे माझं कौतुक ओसरलं. अंगाला गंज चढला. पुढचा एक पाय मोडला, तर त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली गेली.

खारूताई चौथीत असताना शाळेत वजनं झाली. तिचा आकडा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचला गेला. पोरं खिदळली. ती घरी येऊन रडली, तेव्हा बाबा म्हणाले, "बाळा, आजपासून जरा कमी खायचं हं."

पोरीने शब्द पाळला हो! सकाळी आईबाबा घाईने बाहेर पडले की ती आपलं दूध पुन्हा पातेल्यात ओतून ठेवी. दुपारी मात्र शाळेतून यायची ती वादळासारखी. दप्तर पाठीवरच आणि हात माझ्या दारावर. पाव, लोणी, उरलेली भाजी, सरबत, सगळं उभ्या उभ्या, गारच. रात्री बाबा कामावरून आले की उशिरा भरपेट जेवण. घास तोंडात असतानाच ती पेंगायची.

पुढच्या तपासणीत वजन आणखी वाढलं.

"ही चोरून खाते," बाबा आईला म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याभोवती साखळी आवळली आणि कुलूप घातलं. मी सुन्न झालो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! सकाळचं ते ओतलेलं दूध मी रोज पाहत होतो, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

त्या दुपारी खारूताई आली. साखळी पाहून क्षणभर उभीच राहिली. चेहरा पांढराफटक पडलेला. मग तिने दोन्ही हातांनी साखळी धरली आणि हिसके द्यायला सुरुवात केली. पुठ्ठा सरकला. मी पुढे कलंडलो. मित्रांनो, ज्या लेकराला मी इतकी वर्षं खाऊ घातलं, त्याच्याच अंगावर मी कोसळत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं!

धाडकन माझा माथा जेवणाच्या टेबलावर आदळला आणि मी तिथेच अडकलो. खाली, जेमतेम फटीत, खारूताई.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. जेवायला घरी आल्या होत्या म्हणून बरं. त्यांनी तिला हळूच ओढून बाहेर काढलं. कोपराला खरचटण्यावर निभावलं होतं, पण पोर लटलट कापत होती.

"सकाळपासून काय खाल्लंस गं?"

"काही नाही."

"आणि डबा?"

"मैत्रिणीला दिला. रोजच देते. बाबा म्हणाले ना, कमी खा. दुपारी घरी आले की मात्र राहवत नाही." मग ती हुंदके देऊ लागली. "मी एवढं कमी खाते, तरी वजन का वाढतं हो?"

डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तसे आईबाबा धावतपळत आले. डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. "दिवसभर पोटात कावळे ओरडत ठेवायचे आणि मग मिळेल ते कोंबायचं, हे वाढत्या अंगाला कसं मानवेल? ती किती खाते ते तुम्ही पाहिलंत. कधी खाते ते विचारलंत का?"

आईने लेकीला पोटाशी धरलं. "माझ्या घरात माझी पोर उपाशी?" एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. बाबांनी मला उभं केलं, कुलूप उघडलं आणि साखळी काढून टाकली.

आता सकाळी तिघं एकत्र बसून खातात. डबा रिकामा होतो, तो खारूताईच्याच पोटात. संध्याकाळी बाबांची वाट न पाहता ती वेळेवर जेवते. सुरुवातीला बाबांशिवाय तिला घास गिळवेना. मग सकाळचं खाणं हीच त्या दोघांच्या गप्पांची वेळ ठरली. वजन लगेच उतरलं का? नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढतं लेकरू आहे, आकड्याची घाई नको. पण ती आता दुपारी हात धुते, एक फळ घेते आणि माझं दार हळूच लावते.

मित्रांनो, वजनकाट्याला फक्त आकडा कळतो. त्यामागचं विचारायला माणूसच लागतं. तुमच्या धाकट्या भावंडाला कोणी जाड म्हणून चिडवलं, तर आधी त्याच्याजवळ बसा. विचारा, "जेवलास का रे?" आणि तो खरं सांगेपर्यंत उठू नका.