डॉक्टर तेरेआ जेवायला येतात

ऐका, आधी कोणी मध्ये बोलू नका. तनू, तू तर अजिबात नाही, कारण तुला अर्धी गोष्ट मेसेजवर कळलीय आणि ती सगळी चुकीची आहे.

तर माझं प्रोजेक्ट. मोतुलेवा नावाचा देश आहे पॅसिफिकमध्ये, एवढासा. नकाशावर झूम करत गेलात तर आधी निळं दिसतं, मग अजून निळं दिसतं, आणि मग स्क्रीनवर काहीतरी पडलंय असं वाटून तुम्ही बोटाने पुसायला जाता, तो देश. तिथे घरटी कोणाला ना कोणाला डायबिटीस आहे, आणि आमची लीड्सची टीम तिथल्या हेल्थ मिनिस्ट्रीबरोबर त्यावर रिसर्च करते. टीम म्हणजे माझा बॉस गॅरेथ, आणि मी. बाकीचे ईमेलमध्ये सीसीला असतात.

पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यात आम्ही तिथल्या एकेका माणसाला समोर बसवून समजावणार होतो की बाबा रे, कमी खा. त्याला मिनिस्ट्रीची परवानगी लागते, आणि ती देणार डॉक्टर तेरेआ. तिथल्या रिसर्चच्या सर्वेसर्वा. त्या लीड्सला येणार, सोमवारी मीटिंग, मीटिंगमध्ये सही. सही झाली की माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार. नाही झाली तर कॉन्ट्रॅक्ट गेलं, कॉन्ट्रॅक्टला लटकलेला व्हिसा गेला, आणि मी कोथरूडला आईसमोर बसून मुलांचे बायोडेटा वाचतेय. एवढं लक्षात ठेवा फक्त.

तर शुक्रवारी गॅरेथ म्हणतो, "निधी, रविवारी डॉक्टर तेरेआ हॉटेलवर एकट्याच असतील, आणि माझ्या मुलाची फुटबॉल मॅच आहे. तुझी आंटी इथेच राहते ना? समथिंग लाइट. लंच वगैरे."

समथिंग लाइट. सुप्रभा आत्याकडे. जिच्याकडे बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस दुपारी आमटीभात जेवून सोफ्यावर झोपला होता.

पण मी म्हटलं, आपण प्रोफेशनल आहोत, तयारी करू. आम्हाला ट्रेनिंग असतं ना, दुसऱ्याच्या कल्चरचा मान कसा ठेवायचा. मी मोतुलेवावरचं सगळं परत वाचलं आणि आत्याला नीट सांगितलं, "हे बघ, त्यांच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की घराची अब्रू जाते. तेवढं सांभाळ." आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवतेय. "शहाणी माणसं दिसतात," म्हणाली.

आणि मग टॅक्सीत मी डॉक्टर तेरेआंना सांगितलं, "आमच्याकडे वाढलेलं नको म्हटलं ना, की वाढणारीला फार लागतं." त्यांनी मान डोलावली आणि फोनमध्ये लिहून घेतलं. मला इतकं भारी वाटलं माझंच. दोन्ही बाजू ब्रीफ केल्या. अरे, दोन्ही बाजू ब्रीफ केल्या मी.

अजून एक. डॉक्टर तेरेआंना स्वतःला डायबिटीस आहे. आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये लोकांना जे सेन्सर लावणार आहोत, दंडावर चिकटवायचं असतं, नाण्याएवढं, रक्तातली साखर सारखी मोजतं, ते आधी त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. ट्रायल म्हणून. त्याचा ग्राफ लाइव्ह दिसतो. माझ्या फोनवर, आणि गॅरेथच्या फोनवर.

तर आम्ही पोचलो. माझा आतेभाऊ कुश होताच घरी, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, काम करतो तो, इथेच जन्मलाय, मराठी बोलतो पण त्याचं सगळं जग पुल्लिंगी आहे. "हाय, मी कुश, माझा आई आत आहे," म्हणाला. मी पाहुण्यांसाठी त्याचं इंग्लिश करत होते, तर कुशच म्हणे, अगं त्यांना मराठी काय कळतंय, मी इंग्लिशमध्येच बोलतो की. बरं.

आणि ताट आलं. अळूवडी, मसालेभात, बटाट्याची भाजी, कटाची आमटी, आणि पुरणपोळी, तिच्यावर तूप इतकं की पोळी दिसेना. अळूवडी बघून तर डॉक्टर तेरेआंचे डोळेच भरून आले, कारण तेच पान त्यांच्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात, आणि लीड्सच्या थंडीत कोणीतरी ते समोर ठेवलंय. त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

रिकामं ताट. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे, आणि आत्या डाव घेऊन तुटून पडली.

"टेक ना. स्मॉल वन."

त्यांनी घेतली. संपवली. आत्याने वाढलं. त्यांनी संपवलं. "नथिंग यू आर ईटिंग," आत्या म्हणाली आणि अख्खी पोळी टाकली. त्या बाई शांतपणे, राणीसारख्या ताठ बसून, खातायत. मी म्हटलं, वा, काय भूक आहे. मग बघते तर कपाळावर घाम.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. गॅरेथ. "इज शी ओके?"

मी ग्राफ उघडला. सकाळपासून कसा, सपाट, इथल्या नॉरफोकच्या माळरानासारखा. आणि मग डोंगर.

मी आत्याला मराठीत, चेहरा हसरा ठेवून, म्हटलं, "आत्या, बास आता. वाढू नकोस."

"त्या नको म्हणाल्या का?"

"त्या म्हणणार नाहीत."

"मग तू कशाला मध्ये कडमडतेस? तूच म्हणालीस ना ताट रिकामं दिसता कामा नये?"

फोन परत थरथरला. "निधी व्हॉट इज हॅपनिंग." प्रश्नचिन्ह पण नाही. तो माणूस मुलाची मॅच सोडून ग्राफ बघत बसला होता.

"आत्या, त्यांना डायबिटीस आहे."

आत्याचा हात हवेतच थांबला. डावातलं तूप टेबलक्लॉथवर ठिबकतंय. मी म्हटलं, सुटलो. "डायबिटीस?" आत्या म्हणाली. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? पुरणपोळ्या घालून झाल्यावर?" आणि तरातरा किचनमध्ये गेली आणि फ्रिजमधून काय आणलं असेल? कारल्याची भाजी. वाटी भरून. वर मेथीची उसळ. "धिस इज गुड फॉर शुगर," म्हणाली आणि सगळं ताटात घातलं.

डॉक्टर तेरेआंनी कारल्याचा घास तोंडात घातला. आमच्या प्रोजेक्टचं भवितव्य मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते कडू होतं. पण खाल्लं. सगळं. कुश म्हणतो, "शी इज अ मशीन."

मग त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि आत्याला अगदी हळू विचारलं, "तुम्ही कधी बसणार?"

"मी? तुमचं झालं की."

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "जिने रांधलं ती जेवायला बसली, की पाहुण्याला थांबता येतं. त्याआधी थांबलं तर वाईट दिसतं."

आत्याने मला भाषांतर विचारलं. तिला इंग्लिश कळतं हं, पण धक्का बसला की तिला भाषांतर लागतं. मी सांगितलं. आत्या म्हणाली, "आणि आपल्याकडे पाहुणे उठल्याशिवाय मी बसत नाही."

म्हणजे बघा ना. ही बसेपर्यंत त्या थांबणार नाहीत, त्या थांबेपर्यंत ही बसणार नाही. पुरण संपल्यावर काय झालं असतं मला माहीत नाही, आत्याने चण्याची डाळ परत भिजत घातली असती बहुतेक. कुश इतका हसला की त्याला खोलीबाहेर जावं लागलं.

आणि मग डॉक्टर तेरेआ उठल्या. आत्याच्या खांद्यावर हात ठेवला, तिला खुर्चीत बसवलं, तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिला वाढायला लागल्या. मसालेभात. पोळी. परत पोळी. आत्या म्हणते, "पुरे," त्या म्हणतात, "स्मॉल वन." आत्या ताटावर हात आडवा धरते, त्या बोटांमधून वाढतात. शेवटी आत्या मला म्हणाली, "अगं निधे, सांग ना हिला, पुरे म्हणजे खरंच पुरे." मी म्हटलं, "आत्या, तुझ्याकडे कधी पुरे म्हणजे पुरे झालंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला गेले.

नंतर त्या आम्हाला सगळ्यांना राउंडहे पार्कला घेऊन गेल्या आणि तळ्याभोवती असं चालवलं, असं चालवलं, की ग्राफ खाली आला पण कुश झोपला बाकावर.

पण सोमवारी मी रडत ऑफिसला गेले. खरंच. गॅरेथने तो डोंगर प्रिंट काढून टेबलावर ठेवला होता, का, माहीत नाही. डॉक्टर तेरेआ आल्या, बसल्या, म्हणाल्या, "मी हे असं मंजूर करणार नाही."

माझ्या डोळ्यांसमोर कोथरूड.

मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्या माणसांना एकेकटं बसवून सांगणार, कमी खा. कमी खाण्याची माहितीपत्रकं आमच्याकडे मी स्वतः काढलीत. त्यावर माझा फोटो आहे. आणि काल मी एका घरी जेवायला बसून, सगळं माहीत असून, एकदाही नको म्हणू शकले नाही. खाणाऱ्याला शिकवून काय उपयोग? ठरवते ती डाव हातात असलेली बाई. तिच्याशी कोणी बोललंय?"

कोणी बोललं नव्हतं. गॅरेथने पेन उघडलं, परत बंद केलं.

तर त्यांची अट अशी, की दुसरा टप्पा वाढणाऱ्यांबरोबर करायचा. वाढणारीने एकदाच विचारायचं, आणि नको म्हटलं की थांबायचं, हे जमतं का बघायचं. आणि म्हणाल्या, आधी लीड्समध्ये करून दाखवा, पहिलं घर मी सुचवते. त्या घराने आनंदाने होकार दिला की मी सही करते. गुरुवारी त्यांचं विमान.

पहिलं घर कोणाचं, सांगायला नको.

आता गंमत काय, तर मी आत्याला विचारू शकत नाही. नियम आहे. नात्यातल्या माणसावर दबाव येतो म्हणून मी तिला पटवायचं नाही, गळ घालायची नाही, माझी नोकरी तिच्यावर अटकलीय हे तर सांगायचंच नाही. गॅरेथ घरी येऊन समजावणार. मी राहतेच आत्याकडे, त्यामुळे दोन दिवस घरात तोंड शिवल्यासारखी. आत्या विचारते, "काय गं, बद्धकोष्ठ झालंय का?" मी म्हणते, "नाही." मी काही बोलले नाही हं, शपथ. कुश बोलला असेल तर तो कौन्सिलचा माणूस आहे, त्याला आमचे नियम लागू नाहीत.

बुधवारी गॅरेथ आला. दुपारी. आणि मला नंतर कळलं की तो मुद्दाम उपाशी आला होता. डॉक्टर तेरेआंनी त्याला त्या पोळीबद्दल इतकं सांगितलं होतं की सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

आत्याने साबुदाणा वडे केले होते. नुकतेच तळलेले, घरभर वास. मी किचनच्या दारात, गप्प.

गॅरेथने सगळं समजावलं. म्हणाला, तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वन टाइम आस्किंग. देन स्टॉप. राइट?"

"एक्झॅक्टली," गॅरेथ म्हणाला.

"ओके. विल यू ईट वडा?"

आणि गॅरेथने काय म्हणावं? "ओह नो, नो, आय'म फाइन. रिअली."

"ओके," आत्या म्हणाली, आणि वड्यांची प्लेट उचलून आत घेऊन गेली.

मी आयुष्यात असा चेहरा बघितला नाही. तो माणूस तसाच बसलेला, मान किचनच्या दिशेने. "इट स्मेल्स अमेझिंग," म्हणाला.

"येस," आत्या म्हणाली. आणि पेन मागितलं.

समोर कुश दह्यात बुडवून वडा खातोय. गॅरेथ कागद उलटतोय आणि त्याचं पोट वाजतंय, मला दारापर्यंत ऐकू येतंय. "ईट्स अ लॉट, डझन्ट ही," कुशकडे बघून म्हणाला. आत्या हसली. पण विचारलं नाही. दोन्ही हात तिने मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले होते, नखं पांढरी पडेपर्यंत. मग एक हात सोडवला आणि सही केली.

गॅरेथने तिथूनच डॉक्टर तेरेआंना मेसेज केला, आणि त्यांचं उत्तर आलं की त्यांची पण सही झाली समजा. मी दारातच खाली बसले.

तो गेल्यावर आत्या खिडकीशी उभी. बाहेर गॅरेथ गाडीत बसून सीटखालून कुठलं तरी वेफर्सचं पाकीट काढून, उलटं करून, तळातला चुरा खात होता.

"त्याला हवे होते का गं?" आत्याने विचारलं.

"हो, आत्या."

"मग नाही कशाला म्हणाला?"

कुश म्हणाला, "आई, तो इंग्लिश आहे. त्यांचा असाच असतो. दोनदा विचारायला लागतं."

आत्या एवढंच म्हणाली, "अरे देवा." डबा तिने भरलेला होता, झाकण लावलेला, हातात. दाराकडे एक पाऊल टाकलं आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"सही केलीय ना मी," म्हणाली, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून तशीच उभी राहिली.