रविवारी थांबणारी खरखर

मित्रांनो, मी वीज ऐकणारी एक जुनी चौकट आहे, आणि मी भयंकर चिडलेली आहे. स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलावं, असं म्हणतात. तुमच्या माथी नको ते खापर फुटलं असतं, तर तुम्ही बोलला असता का गोड?

दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात, एकहार्ट यांच्या माळ्यावर माझं बिऱ्हाड आहे. एकहार्ट पोस्टातून निवृत्त झालेले. शेजारच्या वाल्बुर्गाबाई सुतारकाम करतात. त्यांनी लाकूड तासून दिलं, एकहार्टनी त्यावर तांब्याची तार गुंडाळली आणि मी जन्मले. दूर कुठे वीज चमकली की माझ्या तारेत टिचकी बसते. वादळ जवळ आलं की टिचक्या जोरात बसतात, मला जोडलेल्या पेटीवरचा काटा उडतो आणि खालची घंटा वाजते. मग एकहार्ट गावच्या पोहण्याच्या तलावावर फोन करतात. तिथला रखवालदार टिलमान शिट्टी फुंकून मुलांना पाण्याबाहेर काढतो. मुलं कुरकुरत बाहेर येत, आणि थोड्या वेळानं डोंगरामागून गडगडाट ऐकू येई. तेव्हा माझं कोण कौतुक! पाहुण्यांना जिना चढवून मला दाखवत.

यंदा मे महिन्यात बागेत आपोआप फिरून गवत कापणारं यंत्र आलं. एकहार्टचे गुडघे दुखतात, म्हणून आणलं. त्यानं हद्द सोडू नये म्हणून त्यांनी हिरवळीच्या कडेनं स्वतः तार पुरली. माझं कौतुक आटलं. आटू दे. पण त्याच आठवड्यात माझ्या कानात खरखर सुरू झाली. आकाश निरभ्र, आणि घंटा आपली ठणाणा वाजतेय! टिलमाननं भर उन्हात तलाव रिकामा केला, लोक हसले. पुन्हा तेच झालं तेव्हा मुलांच्या आयांनी त्याला फैलावर घेतलं.

"म्हातारी झालीय ही," एकहार्ट फोनवर त्याला म्हणाले. म्हातारी? मी? त्यांनी माझी जोडणी बदलली, पेटी बदलली आणि शेवटी घंटेची तारच काढून टाकली. खरखर येते कुठून, हे एकदाही विचारलं नाही. मला जीभ असती तर मी तिथेच सुनावलं असतं.

आणि मग तो गुरुवार आला. खरखरीच्या आडून मला वादळाच्या टिचक्या लागत होत्या, पण सांगू कशी? तलावाकाठच्या पॉपलरच्या झाडावर वीज कोसळली तेव्हा मुलं पाण्यात होती. कुणाला काही झालं नाही, ते केवळ नशीब. टिलमान धावत एकहार्टच्या दारात आला.

"फोन का नाही केला तुम्ही?"

"ती चौकट निकामी झालीय रे. भंगारात देतो आता."

म्हणजे गळा आवळला यांनी, आणि मुकी म्हणून बदनाम मी!

रविवारी खरखर एकदम थांबली. एकहार्ट पेटीपाशी बसून निश्चल काटा बघतच राहिले. आमच्या गावात रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, मग गवत कापणं दूरच. सोमवारी सकाळी खरखर परत आली, आणि पलीकडे वाल्बुर्गाबाईंची विजेवरची करवतही सुरू झाली. एकहार्ट तडक कुंपणाशी गेले.

"वाल्बुर्गाबाई, तुमच्या करवतीपायी गुरुवारी पोरं मेली असती!"

"तोंड सांभाळा, एकहार्ट! गेला आठवडाभर मी बहिणीकडे होते. करवतीला हातही लागला नाही."

"मग रविवारी बरं सगळं शांत होतं?"

"थांबा, आत्ता दाखवते."

त्यांनी कामाच्या जागेतला जुना रेडिओ आणला आणि दोन केंद्रांच्या मधे लावला. करवतीपाशी तो जेमतेम कुरकुरला. कुंपणापाशी आवाज वाढला. हिरवळीच्या कडेला तो किंचाळू लागला. त्या कडेकडेनं चालत त्या एकहार्टच्या पायरीशेजारच्या खोक्यापाशी थांबल्या. गवत कापणारं यंत्र तिथेच वीज पीत उभं राहतं, आणि पुरलेल्या तारेतही वीज तिथूनच जाते.

"हे कुणाचं?"

"पण ते तर रविवारीही इथेच असतं..."

"रविवारी हे बंद कोण करतं?"

एकहार्टचा चेहरा पडला. नियमाचा माणूस! रविवारी घरघरीचा शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून त्यांनीच त्या खोक्याला वेळेचं बटण लावलं होतं. शनिवारी रात्री वीज बंद, सोमवारी सकाळी चालू. आणि स्वतःच विसरले होते. त्यांनी वाकून प्लग उपटला, आणि रेडिओ गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी ते शेजारी आलुबुखाराचा केक घेऊन गेले.

"मला कसला केक देताय? वर जाऊन तिला तोंड दाखवा," असं बाईंनी सुनावलं. केक मात्र ठेवून घेतला.

ते वर आले. रुमालानं माझ्यावरची धूळ पुसली आणि घंटेची तार पुन्हा जोडली. यंत्र आता तळघरात आहे आणि गवत गुडघ्याएवढं वाढलंय. आमच्या गल्लीत ही मोठी नामुष्की. येणारेजाणारे थांबून नाकं मुरडतात, आणि एकहार्ट खिडकीतून ते बघत बसतात. बसू देत. माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, कुणी वेळीअवेळी ओरडू लागलं, तर त्याचा गळा आवळू नका. ते कशानं ओरडतंय ते शोधा, आणि शोध स्वतःच्या पायरीपासून सुरू करा.

परवा दुपारी घंटा वाजली. टिलमाननं शिट्टी फुंकली. "पाऊस तर कुठेच नाही!" म्हणत मुलं कुरकुरत बाहेर आली.

कुरकुरा खुशाल. कोरड्या जमिनीवर उभं राहून हवं तेवढं कुरकुरा.