दुसरी नळी

माझ्या सासऱ्यांना बंदूक हवी होती ती स्वप्नात वापरायला. हे मला कळायला चार महिने लागले आणि तोवर या बंदुकीपायी मी नवऱ्याशी तीनदा कडाकडा भांडून घेतलं होतं.

आप्पा, म्हणजे यतीनचे वडील, २००६च्या मे महिन्यात आमच्याकडे एडिनबराला सहा महिन्यांसाठी आले. लोकांचे सासरे किल्ला बघतात, फोटो काढतात. आमच्या आप्पांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "इथं चकमकीची दुनळी मिळते का रे?" दुनळी म्हणजे दोन नळ्यांची, आणि चकमकीची म्हणजे बंदुकीच्या घोड्याच्या तोंडात गारेचा, म्हणजे गारगोटीचा, तुकडा असलेली. चाप ओढला की गार पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि बार उडतो.

यतीन लगेच कामाला लागला. इतकी जुनी बंदूक शोभेची म्हणून ठेवायची असेल तर इथे लायसन लागत नाही. ऑफिसातून आला की हा लॅपटॉप उघडून बंदुका बघत बसायचा. नंतरच्या काळातल्या दुनळ्या पुष्कळ होत्या आणि स्वस्त होत्या, पण त्यांत गार नव्हती, म्हणून आप्पांना नको होत्या. चकमकीच्या दुनळ्या दोनशे वर्षांपूर्वी फक्त बड्या लोकांना परवडायच्या. आताही परिस्थिती तीच होती.

"अहो आप्पा, पण भिंतीवर लावून करायचंय काय तिचं?" सप्टेंबरात एका सकाळी मी न राहवून विचारलं. समुद्राकडून धुकं आलं होतं, समोरची घरं गायब झाली होती आणि आप्पा खिडकीशी चहा घेऊन बसले होते.

"तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या त्यांच्या गावी ते आणि धाकटा भाऊ कमलाकर भाताच्या राखणीला गेले होते. पहाटे रानडुक्कर आलं. आप्पांच्या हातात घरची चकमकीची एकनळी होती, वरून दारू आणि छर्रे ठासून भरायची. चाप ओढला, ठिणगी पडली, पण बार काही उडाला नाही. पुन्हा ठासायला वेळ कुठला? डुक्कर सरळ कमलाकरच्या अंगावर गेलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

"दुसरी नळी असती तर," आप्पा म्हणाले. "अजून दुपारी डोळा लागला की मी त्याच शेतात असतो. तेच डुक्कर, तीच एकनळी. मला एकदा दुनळी घेऊन जायचंय तिथं. आणि उसनी वस्तू स्वप्नात येत नाही, ऋजुता. आपली असावी लागते."

मी पुण्याची, असल्या गोष्टींना हसणारी. त्या दिवशी हसू आलं नाही. संध्याकाळी यतीनच्या हातातून लॅपटॉप घेऊन मीच शोधायला बसले.

सापडली ऑक्टोबर संपता संपता, आप्पांच्या परतीच्या विमानाला पाच दिवस उरलेले असताना. इंग्लंडच्या सीमेजवळच्या एका लहानशा गावात लिलाव होता. सकाळी वस्तू बघायच्या, दुपारी बोली. रस्ताभर धुकं होतं. टेकड्या अर्ध्याच दिसत होत्या, मेंढ्या मधूनच उगवत होत्या, आणि आप्पा मागच्या सीटवर नवीन शर्ट घालून बसले होते.

बंदुकीचा दस्ता तडकला होता, उजवा घोडा गायब होता. म्हणूनच ती आमच्या आवाक्यातली होती. आप्पांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि मला वाटलं, झालं, आता हे ती सोडत नाहीत.

मग त्यांनी नळ्यांखालचा, दारू ठासायचा गज उपसला. त्यांच्या गावी कुणाचीही बंदूक हाती आली की आधी नळीत गज सोडून बघायची पद्धत. उजव्या नळीत गज तळापर्यंत गेला. डाव्या नळीत चार बोटं अलीकडेच अडला. आप्पांनी पुन्हा सोडून बघितला.

"ही ठासलेली आहे," ते म्हणाले. "त्या काळापासून तशीच."

यतीनने त्यांचं कोपर धरलं. "आप्पा, प्लीज, आत्ता काही बोलू नका. दुपारी आपण घेऊ, मग घरी तुम्हीच रिकामी करा ना."

"हो आप्पा," मीही म्हटलं. मला लाज नाही वाटली, खरं सांगते.

"आणि दुसऱ्या कुणी घेतली तर? घरात पोरंबाळं असतील." एवढं बोलून ते टेबलामागच्या बाईंकडे वळले. "मॅडम, लोडेड. धिस साइड, लोडेड."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दोन माणसं आली, बंदूक आत नेली. बाई आप्पांचे पुन्हा पुन्हा आभार मानत होत्या. कारागीर ती रिकामी करेल, मग पुढच्या लिलावात येईल, नोव्हेंबरच्या शेवटी, असं म्हणाल्या. तोवर आप्पा परत गेलेले असणार.

परतताना गाडी यतीन चालवत होता. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. आप्पा मात्र गाडी सुरू होताच झोपले. अर्ध्या तासाने मागून आवाज आला.

"आली होती."

"कोण?"

"दुनळी. आपली नव्हती, तरी आली."

यतीनने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मग?"

"पहिला चाप ओढला. नाही उडाला. मग दुसरा ओढला." आप्पा काचेबाहेर बघत होते. "तोही नाही उडाला."

यतीन सीटवरून मागे वळला.

"उडेल कसा? दोन्ही नळ्यांत दारू तीच ना. भिजलेली. दारूची पिशवी कमलाकरच्या कमरेला होती आणि तो ओढ्याच्या कंबरभर पाण्यातून आला होता. मला तेव्हाच कळलं होतं, यतीन. पण गेलेल्या भावाला कसा दोष द्यायचा? म्हणून चाळीस वर्षं त्या नळीलाच देत राहिलो."

त्यांनी काच खाली केली. धुकं आत आलं.

"गाढवा, पिशवी डोक्यावर धरायची ना रे!" ते त्या धुक्यात ओरडले, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले.